मोरचुदाच्या पाण्याची बाटली

माझा एक जुना विद्यार्थी नवी मुंबईतल्या एका तपासणी केंद्रात एमआरआयचे यंत्र चालवतो. परवा वाशीला भेटला तो कोडे घेऊनच. "सर, यंत्र ठीक आहे ना, हे बघायला आम्ही मोरचूद घातलेल्या पाण्याची बाटली आत ठेवतो. बाहेरच्या उन्हातून आणली की एक आकडा येतो, रात्रभर गार खोलीत राहिली की दुसरा. यंत्र बिघडलंय का?"

मी इतिहास शिकवतो, पदार्थविज्ञान नव्हे. उत्तर शोधण्यात माझे आठ दिवस गेले; पण, वाचकहो, ते वाया गेले नाहीत.

शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याचे अणुगर्भ चुंबकाच्या क्षेत्रात एका दिशेकडे झुकतात. रेडिओ-लहरीने त्यांना ढळवले, की ते मिळालेली ऊर्जा भोवतालच्या रेणूंना देत पूर्वपदावर येतात. या परतीच्या वेळेला शिथिलन-काल म्हणतात. असे काल दोन आहेत. आपल्याला इथे पहिल्याशीच काम आहे.

हा वेळ किती, हे आरंभी कोणालाच ठाऊक नव्हते. हॉलंडच्या गॉर्टर यांनी १९३६ साली स्फटिकांवर प्रयोग केला आणि तो फसला. डिसेंबर १९४५ मध्ये हार्वर्डला पर्सेल, टॉरी आणि पाउंड यांनी मेण घेतले. शिथिलनाला कित्येक तास लागत असतील या धास्तीने त्यांनी ते मेण तासन् तास चुंबकात ठेवून दिले! प्रत्यक्षात तो वेळ सेकंदाहूनही कमी निघाला. स्टॅनफर्डला ब्लॉक यांनी पाण्यात लोहाचा क्षार घालून शिथिलन लवकर घडवले. आमच्या बाटलीतल्या मोरचुदाचा हा पूर्वज म्हणायचा.

मग १९४८ साली ब्लोम्बर्गन, पर्सेल आणि पाउंड यांनी उष्णतेचा हिशेब मांडला. झोपाळ्याला ताल साधून हात लावला तरच तो नीट हलतो ना? तसेच इथे. शेजारचे रेणू गिरक्या घेतात. त्या गिरक्यांचा ताल अणुगर्भाच्या तालाशी जुळला, तर ऊर्जा झपाट्याने निसटते. पाणी तापले की रेणू तालाच्या फार पुढे धावतात आणि शिथिलन लांबते. शुद्ध पाण्याला शून्य अंशावर सुमारे पावणेदोन सेकंद लागतात, पंचवीस अंशांवर साडेतीनच्या वर. ग्लिसरीन फार गार केले तर उलट कारणाने वेळ लांबतो, कारण रेणू तालाच्या मागे पडतात. मधे कुठेतरी तो सर्वांत कमी असतो.

ही विद्या मुंबईत यायला फार वर्षे लागली नाहीत. एस. एस. धर्मट्टी हे स्टॅनफर्डला काम करत होते. अल्कोहोलच्या एकाच रेणूतला हायड्रोजन तीन निरनिराळ्या खुणा देतो, हे १९५१ साली छापणाऱ्या तिघांपैकी ते एक. पुढे ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. मी शिकलो त्या पुस्तकांत मला त्यांचे नाव कधी भेटले नाही, याची चुटपूट वाटते.

डॉक्टरांना या उष्णतेचा उपयोग सुचला तो पुढे. गाठ तापवून मारायची, तर शेजारची निरोगी नस भाजत तर नाही ना, हे न कापता कसे कळणार? शिथिलन-कालावरून आतले तपमान काढण्याचा मार्ग १९८३ साली मांडला गेला; शरीरात हा काल दर अंशाला साधारण शेकडा एकाने वाढतो. पण मांस एकदा शिजले की उकडलेल्या अंड्यासारखे पालटते आणि हिशेब चुकतो. म्हणून हल्ली पाण्याच्या कंपनसंख्येतला फरक बघतात. तो दर अंशाला दहा कोटींत एक, इतका बारीक! चरबीत मात्र ती युक्ती चालत नाही. तिथे शिथिलन-कालाकडेच वळावे लागते.

हे सारे मी त्या मुलाला सांगितले. आता तो बाटली आदल्या संध्याकाळीच यंत्राच्या खोलीत नेऊन ठेवतो, आणि वहीत आकड्याशेजारी तपमानही लिहितो. मोरचुदाऐवजी निकेलचा क्षार घेतला तर हा फरक बराच कमी पडतो, असेही मी त्याला सुचवले आहे. अजून त्याची बाटली निळीच आहे.