बडोद्याची खिचडी : मराठी की गुजराती?

मागे कुणीतरी विचारलं होतं, बडोद्याच्या मराठी घरांत रात्री खिचडी-कढी कधीपासून आली? साल मलाही सांगता येणार नाही. पण माहीत आहे तेवढं लिहितो.

खिचडी काही गुजरातची मक्तेदारी नाही. संस्कृतात कृसरा आहे. 14व्या शतकात इब्न बतूता मूग-तांदळाच्या खिचडीवर तूप घालून सकाळी खातात असं लिहून गेला. ‘ऐन-ए-अकबरी’त तर तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी पाच शेर असं माप आहे! म्हणजे तिन्ही खाती बरोबरीत. आमच्या डॉक्टरांनी वाचलं तर घाबरतील. पण गुजरातचा खास दाखला जहांगीर बादशहाचा. 1618 च्या सुमारास तो गुजरातेत असताना त्याने इथली बाजरीची खिचडी पहिल्यांदा खाल्ली. ती इतकी मानवली, की मांस न खाण्याच्या दिवशी हीच आणत जा, असा त्याने हुकूम दिला.

आपली माणसं आली त्यानंतर शंभरेक वर्षांनी, पिलाजीराव-दमाजीराव गायकवाडांच्या मागोमाग. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात कारकून, मास्तर, वकील आले. त्यातच आमचे आजोबा, दांडिया बाजारात बिऱ्हाड केलेले. येताना गोडा मसाला आला, पूजेची भांडी आली. खिचडी मात्र शेजारणींकडून शिकलेली. पिवळ्या मुगाच्या डाळीच्या जागी फोतरांची हिरवी डाळ आली, वरचं ओलं खोबरं गेलं, फोडणी गेली. राहिलं हळद, मीठ, तूप. कढीत गूळ पडला.

यावरून आमच्या घरी एकदा प्रसंग ओढवला. माझ्या बहिणीला पाहायला पुण्याहून मंडळी यायची होती. गाडी चार तास उशिरा. रात्री साडेदहाला केलेला स्वयंपाक गार झालेला, म्हणून आईने ताजी खिचडी टाकली, कढी केली. पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या बाई पहिल्याच घासाला म्हणाल्या, “अगंबाई, तुम्ही अगदी गुजरातीच झालात की!” आई शांतपणे म्हणाली, “वन्सं, रात्री उशिरा पोटाला हेच बरं. तूप वाढू ना?” बहीण स्वयंपाकघरात होती, तिने सगळं ऐकलं. ते लग्न जमलं नाही. खिचडीमुळेच असं म्हणणार नाही, पत्रिकेचंही काही निघालं होतं. पण नंतर वर्षभर आई पाहुण्यांना फक्त मसालेभातच करायची, ते मला आवडलं नाही.

मग 1974 उजाडलं. अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून पोरं उठली आणि त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटलं. तेलाचे भाव तर विचारू नका. मी नुकताच बँकेत लागलो होतो, घरात सहा माणसं. आमच्या भागात संचारबंदी, बाजार बंद. डब्यात होतं ते तांदूळ आणि मूग. समोरच्या पटेलकाकी गच्चीवरून ताकाची बरणी द्यायच्या, आई इकडून गोड्या मसाल्याची पुडी टाकायची. त्या दिवसांत मसालेभात मागे पडला, खिचडी परत आली ती कायमची. फेब्रुवारीत सरकार गेलं.

आता आमची सौ. नाही, त्यामुळे खिचडी मीच लावतो. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी फोतरांची डाळ, अर्धा तास भिजवून, पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या. मग डावाने चांगली घोटायची, नाहीतर डाळ आणि भात वेगवेगळे राहतात. सून गुजराती आहे, ती पंधरवड्याने फोन करून विचारते, “बाबा, तुमच्यासारखी का होत नाही?” मी सांगितलं, माझ्यासारखी म्हणजे तुझ्या आजीच्या शेजारणींसारखी. कढीत गूळ घालतो, आणि खिचडीवर चिमूटभर गोडा मसालाही. बहीण सुरतेहून आली की ताट पुढे ओढून म्हणते, दादा, तूप वाढ.