बर्फ नसलेला ‘बर्फ’

१/ बीडच्या मंगल कार्यालयात वधूवरांच्या पावलांशी लोळणारा पांढरा धूर आणि महानगरांतील बारमध्ये पेल्यातून ओसंडणारा धूर, दोन्ही बहुधा ड्राय आइसचेच. नावात बर्फ असला, तरी त्याचा स्वभाव निराळा आणि इतिहास रक्तरंजित आहे.

२/ पेयात घालायचा बर्फ भारतात जहाजाने येत असे. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांचा तळ्यांतला बर्फ ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्यास पोहोचला. निघताना सुमारे १८० टन, पोहोचताना सुमारे १०० टन. १८३४ मध्ये मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले. यजमान व पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली.

३/ त्याच सुमारास, १८३५ मध्ये पॅरिसच्या थिलोरिए यांनी घनरूप कार्बन डायऑक्साइडचे वर्णन प्रसिद्ध केले. द्रवरूप वायू दाबाखालून मोकळा सोडताच त्याचा हिमासारखा चुरा होई.

४/ डिसेंबर १८४० मध्ये पॅरिसच्या औषधनिर्माण विद्यालयात हा वायू द्रवरूप करण्याचे बिडाचे नळकांडे फुटले. ओस्मँ एर्व्ही हा साहाय्यक त्यात प्राणास मुकला. बंद भांड्यात कोंडलेल्या या वायूचा तो पहिला मोठा धडा.

५/ १९२५ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने ‘ड्राय आइस’ हे व्यापारी नाव रूढ केले. नाव सोपे झाले. धोका मात्र नावाआड गेला.

६/ त्याचे तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. तो वितळत नाही, थेट वायू होतो: एका किलोपासून ५०० लिटरांहून अधिक. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळघरातील बारमध्ये जमिनीलगत साचून गुदमरवतो.

७/ म्हणून नियम मोजके. जाड हातमोजे किंवा चिमटा वापरावा. झाकण घट्ट लावू नये. खोली हवेशीर असावी. तुकडा पिण्याच्या पेल्यात न टाकता बाहेरच्या, वेगळ्या भांड्यात ठेवावा. पेयातच टाकला असेल, तर तो पूर्ण नाहीसा झाल्याखेरीज पेला ग्राहकाच्या हाती देऊ नये.

८/ मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखशुद्धी समजून ड्राय आइस तोंडात टाकलेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. जीजीभॉय यांच्या पाहुण्यांचे सर्दीवर निभावले, कारण त्यांच्या पुढ्यातला बर्फ पाण्याचा होता. एर्व्हीचा धडा १८४० मधला आहे. तो पेला पुढे करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असायला हवा.