मरीन इलेक्ट्रिक

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कोळसा वाहणारे, वाफेच्या टर्बाइनवर चालणारे मालवाहू जहाज. १२ फेब्रुवारी १९८३ च्या पहाटे ते व्हर्जिनियाजवळ अटलांटिक महासागरात वादळात उलटून बुडाले. जहाजावरच्या ३४ जणांपैकी ३१ जण दगावले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईने बांधलेल्या टी-२ जातीच्या तेलवाहू जहाजांपैकी हे एक. १९४४ साली ते ‘मसग्रोव्ह मिल्स’ या नावाने पाण्यात उतरले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मधला भाग काढून तिथे कोळशासाठी मालखणांचा नवा भाग जोडला गेला. लांबी सुमारे १८४ मीटर झाली. नाळ (पुढचा भाग) आणि वरामा (मागचा भाग) मात्र युद्धकाळातलेच राहिले. देशातल्या दोन बंदरांमधली मालवाहतूक स्वदेशी बनावटीच्याच जहाजांनी करावी, असा अमेरिकेचा १९२० चा जोन्स कायदा आहे. तिथे नवे जहाज बांधणे फार महाग, त्यामुळे जुनीच जहाजे डागडुजी करून वापरण्याकडे मालकांचा कल असे. मरीन इलेक्ट्रिकही तसेच राबले. नॉरफोकला कोळसा भरायचा, मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरसेटच्या वीजकेंद्राला पोचवायचा, रिकामे परतायचे.

शेवटच्या खेपेत जहाजावर सुमारे २४,८०० टन कोळसा होता. ११ फेब्रुवारीला तटरक्षक दलाच्या विनंतीवरून, संकटात सापडलेल्या ‘थिओडोरा’ या मच्छीमार नौकेच्या सोबतीला ते मागे वळले. थिओडोरा सुखरूप गेली. मध्यरात्रीनंतर मरीन इलेक्ट्रिकची नाळ जड होऊन लाटांखाली दबू लागली आणि पहाटे सव्वाचारच्या सुमारास, खलाशी होड्या सोडण्याच्या तयारीत असतानाच, ते कलंडले. पाण्याचे तापमान जेमतेम ४ अंश सेल्सिअस. अंगावर जीवरक्षक जाकिटे होती, पण थंडीपासून वाचवणारे पोशाख नव्हते. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने पाळणा खाली सोडला. गारठलेल्या माणसांच्या बोटांत तो धरण्याचेही बळ उरले नव्हते. शेवटी नौदलाच्या हेलिकॉप्टरमधला पोहणारा जवान जेम्स मकॅन याने त्या पाण्यात उडी घेतली. तिघेच वाचले : मुख्य अधिकारी बॉब क्युसिक, तिसरा अधिकारी यूजीन केली आणि खलाशी पॉल ड्यूई. पाण्याने भरलेल्या होडीत धीर सुटू नये म्हणून क्युसिक ‘द मेरी एलेन कार्टर’ हे स्टॅन रॉजर्सचे गाणे म्हणत राहिले. ते गाणे बुडालेले जहाज वर काढण्याच्या जिद्दीचे आहे.

थिओडोराला मदत करताना जहाजाचा तळ घासला, असा मालक कंपनीचा दावा होता. तटरक्षक दलाच्या चौकशी मंडळाला तो पटला नाही. मालखणांची पोलादी झाकणे गंजून त्यांना भोके पडली होती, ठिगळे लावली होती. डेकची अवस्थाही वाईट होती. क्युसिक यांनी ही दुरवस्था आधीच वरिष्ठांना कळवली होती. तरी तपासणीच्या कागदांवर जहाज समुद्रप्रवासाला योग्यच ठरले होते. या बुडण्याचा दोष एकट्या वादळावर टाकता येत नाही. तो दोष त्या कागदांवरच्या सह्यांचाही आहे.

यानंतर जुनी जहाजे मोठ्या संख्येने मोडीत निघाली, झाकणांची तपासणी कडक झाली, थंड समुद्रात जाणाऱ्या जहाजांवर उबदार जीवरक्षक पोशाख सक्तीचे झाले. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून तटरक्षक दलाने पाण्यात उतरून माणसे वाचवणाऱ्या जवानांचे पथक उभे करायला घेतले. ते पथक आजही काम करते.