पाठीतल्या पाण्याची साक्ष : न्यूरोसिफिलिस, एचआयव्ही आणि निदानाचा पेच

१/ इ.स. १९८७. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डोनाल्ड जॉन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. चौघांनाही एचआयव्हीची लागण झालेली होती आणि चौघांच्याही मज्जासंस्थेत सिफिलिस पोहोचला होता. पेनिसिलिनने ज्याचा निकाल लावला असे मानले जाई, तो रोग परतला होता.

२/ भावमिश्राने १६व्या शतकातील 'भावप्रकाशा'त 'फिरंग' या नावाने वर्णिलेला रोग तो हाच. त्याचा जंतू मेंदूत शिरला की कित्येक वर्षांनी स्मृतिभ्रंश, पक्षाघात, अंधत्व ओढवे. १९व्या शतकातील युरोपच्या मनोरुग्णालयांत असे रुग्ण मोठ्या संख्येने असत.

३/ त्याला ओळखण्याची साधने एकेक करून हाती आली. १८९१ मध्ये क्विंके यांनी पाठीतून पाणी काढण्याची रीत मांडली. १९०५ मध्ये शौडिन व हॉफमन यांना जंतू दिसला. १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तचाचणी आली. १९१३ मध्ये नोगुची व मूर यांनी वेड लागून मेलेल्या रुग्णांच्या मेंदूतच तो जंतू दाखवला.

४/ १९४३ मध्ये महोनी आणि सहकाऱ्यांनी सिफिलिसवर पेनिसिलिन वापरले. त्यानंतर न्यूरोसिफिलिस इतका विरळ झाला की डॉक्टरांच्या नव्या पिढीसाठी तो बहुतांशी पुस्तकातलाच रोग उरला.

५/ मग एचआयव्ही आला आणि जुना ठोकताळा डळमळला. पाठीतल्या पाण्यात दर मायक्रोलिटरला ५ हून अधिक पांढऱ्या पेशी आढळल्या, तर मज्जासंस्थेतील रोगाचा संशय घ्यावा, असा तो ठोकताळा. परंतु एचआयव्ही स्वतःच या पेशी वाढवतो. साक्ष तीच, संशयित मात्र दोन!

६/ इतर चाचण्याही निर्णायक नव्हत्या. त्या पाण्याची व्हीडीआरएल चाचणी सकारात्मक आली, तर निदान जवळजवळ पक्के. नकारात्मक आली, तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. एफटीए चाचणीचे नेमके उलट : नकारात्मक आली तर रोगाची शक्यता फार कमी, सकारात्मक आली तर तेवढ्याने काहीच ठरत नाही. रोग निसटला तर दृष्टी, श्रवण वा स्मृती गमावण्याचा धोका. उगाच धरला तर १० ते १४ दिवस शिरेतून पेनिसिलिन.

७/ १९८८ मध्ये शीला लुकहार्ट यांच्या गटाने थेट जंतूचाच शोध घेतला. त्या काळी तो प्रयोगशाळेत वाढवता येत नसे. म्हणून रुग्णांच्या पाठीतले पाणी सशांना टोचले गेले. सुरुवातीच्या अवस्थेतील ४० रुग्णांपैकी १२ जणांच्या पाण्यात जंतू निघाला. एचआयव्ही असो वा नसो. म्हणजे मज्जासंस्थेत शिरणे ही या जंतूची मूळचीच खोड होती. फरक उपचारानंतर दिसला : नेहमीचे इंजेक्शन देऊनही काही एचआयव्हीबाधितांच्या पाण्यात जंतू टिकून राहिला.

८/ २००४ मध्ये क्रिस्टिना मारा आणि सहकाऱ्यांनी धोका कोणाला अधिक, हे दाखवले : रक्त ३२ पट वा त्याहून पातळ करूनही ज्यांची आरपीआर चाचणी सकारात्मक राहते त्यांना, आणि एचआयव्हीबाधितांपैकी ज्यांच्या सीडी४ पेशी ३५० वा त्याहून कमी आहेत त्यांना. पेशींची मर्यादाही ५ ऐवजी २० धरावी, हा विचार रुजला.

९/ आजही एकच चाचणी निर्णय देत नाही. लक्षणे, रक्त आणि पाठीतले पाणी यांच्या साक्षी एकत्र ताडून पाहाव्या लागतात. लक्षणे नसतील, तर केवळ एचआयव्ही आहे म्हणून सरसकट पाठीत सुई घालू नये, असे अमेरिकेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

१०/ ५ हा आकडा खोटा नव्हता. तो एचआयव्हीपूर्व काळातल्या रुग्णांवरून ठरलेला होता. शरीर बदलले, आकड्याचा अर्थ बदलला. इतिहासाच्या साधनांनाही हाच नियम लागू पडतो : पुरावा कोणत्या काळातला, हे पाहिल्यावाचून त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही.