मोफत वीज, थकबाकी आणि मतं: वीज मंडळांच्या सुधारणा नेमक्या कुठे अडतात?

शेतीपंपाची वीज मोफत झाली तर बिल भरतं कोण? आणि बिल आलंच नाही, तर मध्यरात्री येणाऱ्या थ्री फेज विजेबद्दल किंवा जळालेल्या डीपीबद्दल शेतकऱ्याने जाब कुणाला विचारायचा?

विकसनशील देशांत सरकारी सेवा सुधारायचं म्हटलं की समिती नेमली जाते, कायदा होतो, कधी जागतिक बँकेचं कर्जही मिळतं. तरीही गाडी मध्येच अडते. हे असं का होतं, ते समजून घ्यायला भारतातल्या वीज वितरणाचं उदाहरण चांगलं आहे.

मंडळं तोट्यात कशी गेली?

1948 च्या कायद्यानुसार राज्यांमध्ये वीज मंडळं उभी राहिली. मंडळाचा अध्यक्ष आणि विजेचा दर, या दोन्ही गोष्टी व्यवहारात राज्य सरकारच ठरवायचं. हरितक्रांतीनंतर विहिरींवर विजेचे पंप वाढले. प्रत्येक पंपाचं रीडिंग घेणं खर्चिक होतं, म्हणून अनेक राज्यांनी मीटरऐवजी पंपाच्या एचपीनुसार ठरावीक बिल लावलं. पंप कितीही तास चालला तरी रक्कम तीच. पुढे ही रक्कम कमी करणं हे निवडणुकीतलं हमखास आश्वासन झालं. तामिळनाडू आणि पंजाबने तर शेतीची वीज पूर्ण मोफत केली.

याची भरपाई उद्योग आणि दुकानदारांना जादा दर लावून होऊ लागली. मीटर नसल्याने आणखी एक सोय झाली. आकडे टाकून होणारी चोरी आणि तारांमधली गळती 'शेतीचा वापर' म्हणून दाखवता येऊ लागली. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर असलेल्या सवलतीचा काही भाग प्रत्यक्षात त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता.

ओडिशा आणि आंध्रात काय झालं?

1996 मध्ये ओडिशाने जागतिक बँकेच्या मदतीने वीज मंडळाचे तुकडे केले. 1999 मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं. त्यातल्या एईएस या अमेरिकी कंपनीने 2001 मध्येच काढता पाय घेतला. उरलेल्या कंपन्यांचे परवाने नियामक आयोगाने 2015 मध्ये रद्द केले. मालक बदलला, पण थकबाकी आणि चोरी हटली नाही. 2020-21 मध्ये वितरण पुन्हा खासगी हातात, टाटा पॉवरकडे गेलं.

आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडू सरकारने 1998 मध्ये सुधारणा कायदा केला. 2000 मध्ये दरवाढ झाली आणि लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये हैदराबादच्या बशीरबाग भागात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आंदोलकांचा जीव गेला. 2004 मध्ये नायडूंचा पराभव झाला. त्यामागे दुष्काळासह इतरही कारणं होती. पण नवे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी शपथ घेताच सही केली ती शेतीच्या मोफत विजेच्या फाइलवर. देशभरातल्या नेत्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

2004 च्या विधानसभा निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. आघाडी पुन्हा सत्तेत आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि 2005 मध्ये ही सवलत मागे घेतली गेली. त्याच वर्षी वीज मंडळाची विभागणी होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या आल्या.

वीस वर्षांनी चित्र पुन्हा तसंच दिसलं. 2024 च्या विधानसभा निवडणुकीआधी साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली. सुमारे 44 लाख शेतकरी त्यात येतात. केंद्राच्या 2003 च्या वीज कायद्यातलं कलम 65 सांगतं की सवलत द्यायची तर सरकारने तिचे पैसे वितरण कंपनीला आगाऊ द्यावेत. म्हणजे कायदा मोफत वीज रोखत नाही, फक्त ती कुणाच्या खिशातून जाते ते उघड करायला लावतो. हे पैसे वेळेवर आले नाहीत की फटका रोहित्रं, तारा आणि दुरुस्तीच्या कामांना बसतो.

राजकारण फक्त मतदारांचं नसतं, कर्मचाऱ्यांचंही असतं. महावितरणच्या क्षेत्रात खासगी कंपनीला समांतर परवाना देण्याच्या हालचालींविरोधात जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले. सरकारने चर्चा करून आश्वासन दिलं आणि त्याच दिवशी संप मिटला.

मग सुधारणा होतच नाहीत का?

होतात, पण लोकांना आधी काहीतरी हाती पडलं तर. गुजरातने 2003 नंतर ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर गावठाणापासून वेगळे केले. शेतीला ठरावीक तास, पण भरवशाची वीज. घरं, दुकानं, गिरण्यांना चोवीस तास. शेतीचं अनुदान बंद झालं नाही, पण ते मोजता येऊ लागलं आणि गावाला फायदा डोळ्यांनी दिसला.

पश्चिम बंगालने 2007 च्या सुमारास शेतीपंपांना मीटर बसवले. तिथे विजेच्या पंपांची संख्या तुलनेने कमी होती, त्यामुळे विरोध करणारा गटही मोठा नव्हता. तेच पंजाबात करणं फार अवघड. 2020-21 च्या शेतकरी आंदोलनात कृषी कायद्यांसोबतच वीज दुरुस्ती विधेयक मागे घेण्याचीही मागणी होती, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

महाराष्ट्रात आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणून दिवसा वीज देण्याचं काम सुरू आहे. रात्री साप आणि बिबट्याच्या भीतीत पाणी देणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही खरी सुधारणा आहे. स्वस्त सौर वीज मिळाली तर अनुदानाचा बोजाही हलका होतो. म्हणजे कुणाची सवलत न काढता खर्च कमी करायचा, असा हा मार्ग आहे.

थोडक्यात: सरकारी सेवेतली सुधारणा कागदावर बरोबर आहे का, एवढंच पाहून चालत नाही. तिच्यामुळे आज कुणाचं काय जाणार आणि त्याला बदल्यात काय मिळणार, हे आधी पाहावं लागतं. बिल आधी वाढलं आणि वीज नंतर सुधारली, की लोक वीज सुधारायची वाट पाहत नाहीत. त्याआधीच निवडणूक येते.