शुद्धीवर आला, म्हणजे सुटला?

बंद खोलीतली कोळशाची शेगडी, आत चालवलेला जनरेटर, न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा पेटलेले गोदाम. कारण कोणतेही असो, कार्बन मोनॉक्साइड वायूने बेशुद्ध झालेला माणूस डोळे उघडून बोलू लागला की भिवंडीत एकच निकाल लागतो: वाचला, सुटला. या निकालाची बाजू कमकुवत नाही. बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ९८ दाखवते. रक्तातले कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण किरकोळ निघते. सीटी स्कॅन स्वच्छ येतो. रुग्ण नाव-गाव सांगतो, चालतो. बाहेर रांग लागलेली असताना अशा माणसाला घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला निष्काळजी म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे चार साक्षी आहेत. माझे म्हणणे एवढेच की, मेंदू सुरक्षित आहे हे त्या चौघांपैकी एकही सांगू शकत नाही.

ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश सोडते, एक लाल आणि एक अवरक्त. कोणता किती शोषला गेला यावरून ते ऑक्सिजनचा हिशेब मांडते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजन चिकटलेल्या हिमोग्लोबिनसारखेच भासते. या वायूची हिमोग्लोबिनवरची पकड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट. म्हणजे रक्ताचा मोठा हिस्सा विषाने अडवलेला असतानाही पडद्यावर ९८ उमटू शकते. या विषबाधेपुरते ते यंत्र आंधळे आहे.

रक्ततपासणी खरे सांगते, पण केव्हाचे? साध्या हवेत रक्तातले या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास पुरतो. समजा, गोदामातून काढलेल्या हमालाला १०८च्या गाडीत ऑक्सिजन लावला, गाडी माणकोली नाक्यावर अडकली, ठाण्यात पोचल्यावर केसपेपर निघाला आणि मग रक्त घेतले. आलेला आकडा त्या घडीचा आहे, गोदामातल्या घडीचा नव्हे. शिवाय अगदी वेळेवर घेतलेला आकडाही मेंदूची इजा मोजत नाही. हा वायू पेशींच्या आतल्या श्वसनातही अडथळा आणतो आणि रक्त स्वच्छ झाल्यावरही मज्जातंतूंच्या आवरणाची हानी सुरू राहू शकते. रक्त निवळले म्हणून मेंदू सावरला, हा निष्कर्ष कोणत्या तर्काने काढायचा?

सीटी स्कॅनचे उत्तर थोडक्यात देता येईल. सुरुवातीच्या तासांत तो बहुधा नॉर्मलच असतो. मेंदूच्या खोल भागातल्या ग्लोबस पॅलिडसची इजा एमआरआय अधिक चांगली टिपतो. मेंदूच्या पांढऱ्या भागातले बदल तर त्यावरही कधीकधी काही आठवड्यांनीच उमटतात.

राहिली चौथी साक्ष, रुग्ण स्वतः. ती सर्वांत पटणारी आणि म्हणूनच सर्वांत फसवी. दक्षिण कोरियात घरे कोळशाच्या विटांवर तापवली जात, तेव्हा ही विषबाधा तिथे घरोघरची होती. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात २३६० रुग्णांपैकी ६५ जणांना उशिरा मेंदूविकार झाला. मधला काळ ते ठणठणीत होते. कुणी २ दिवस, कुणी तब्बल ४० दिवस. मग विसराळूपणा, सुन्नपणा, अडखळत टाकलेली लहान पावले, कपड्यात लघवी.

प्रतिपक्ष म्हणेल, ६५ म्हणजे शंभरात तीनही नाहीत. मान्य. पण त्याच अभ्यासात रुग्णालयात दाखल करावे लागलेल्यांत हे प्रमाण जवळपास १२ टक्के होते. आणि हे झाले डोळ्यांना दिसणारे बिघाड. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्मृती, लक्ष, विचारांचा वेग यांची पद्धतशीर परीक्षा सहा आठवड्यांनी घेतली गेली. नेहमीच्या दाबाने ऑक्सिजन मिळालेल्या गटात सुमारे ४६ टक्के रुग्णांत दोष सापडला. दोन्हीकडचे रुग्ण सारखे नव्हते, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना मी करणार नाही. पण जो शोधतो त्यालाच सापडते, हे यातून स्पष्ट होते. आपण शोधतो का?

‘भिवंडीत प्रत्येकाचा एमआरआय कोण काढणार?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो माझ्या मागणीला लागू होत नाही. शंभरातून सात-सात वजा करायला लावणे, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारणे, घड्याळाचे चित्र काढून घेणे, दहा पावले चालवून पाहणे, याला कागद, पेन्सिल आणि थोडा वेळ लागतो. हेच पहिल्या दिवशी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी करायचे. घसरण दिसली, तर एमआरआय. कामगार निरक्षर असेल तर त्याच्या कामातून विचारा. चार यंत्रमाग सांभाळणाऱ्याला आता दोनही झेपत नाहीत का? धोट्यातली कांडी संपलेली ध्यानात येते का? तुटलेली तार हातात धरून तो नुसता उभा राहतो का? ही उत्तरे मुकादमाकडे आणि बायकोकडे आधी असतात, डॉक्टरकडे नंतर. त्यांना मात्र कुणी विचारत नाही. ती दोघे ‘दारूला लागला’ किंवा ‘मनाला लावून घेतले’ एवढेच समजून गप्प बसतात.

आणि हा विकार असाध्य म्हणून शोधणे व्यर्थ, असेही नाही. कोरियातल्या ज्या ३६ जणांचा पुढे पाठपुरावा झाला, त्यांतले तीन-चतुर्थांश वर्षभरात सावरले. तोवर त्या माणसाला चालत्या मागापासून आणि रहदारीतल्या मोटारसायकलीपासून दूर ठेवायचे, तर आधी विकार ओळखायला हवा. भरपाईचा प्रश्नही इथेच अडतो. डिस्चार्ज कार्डावर ‘धूर लागला, प्रकृती ठीक’ एवढेच लिहिले असेल, तर महिन्याने हरवलेल्या स्मृतीचा त्या रात्रीच्या आगीशी संबंध तो कामगार कशाच्या आधारे सिद्ध करणार? वायूचा संशय, रक्त घेतल्याची वेळ, त्याआधी किती वेळ ऑक्सिजन दिला ते आणि पुढच्या तीन तपासण्यांच्या तारखा, एवढे त्या कार्डावर यायलाच हवे.