पडलेल्या जेटची डागडुजी

मॉडेल विमान पडलं, तर एके काळी काम थोडक्यात भागायचं. सांगाडा इक्वेडोरच्या बाल्सा लाकडाचा. मोडकी फासळी काढायची, नवी चिकटवायची, वरून कागद ताणायचा. १९५८मध्ये अमेरिकेत सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद विक्रीला आला (आपलं फेविक्विक त्याच कुळातलं) आणि पुढे गोंद वाळायची वाट पाहणंही संपलं.

जेटने हा सोपेपणा घालवला.

१९८३मध्ये इंग्लंडमध्ये जेरी जॅकमन यांनी टर्बाइनवरचं रेडिओ-नियंत्रित मॉडेल उडवलं. पुढे जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या हत्यारांनी करता येईल असं इंजिन रचलं. त्याचं कॉम्प्रेसर चाक चक्क प्लायवुडचं, वर कार्बन तंतूंचा वेढा!

आजची छोटी टर्बाइन मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. त्या वेगात तिचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, जरा बिघडला तरी धोका. त्यामुळे आपटलेल्या जेटचं फायबरग्लासचं धड कोणी आधी जोडायला घेत नाही. पहिल्यांदा लिथियम बॅटरी काढून लांब ठेवायची, सांडलेलं रॉकेल पुसायचं, मग रोटर बोटाने हलकेच फिरवून कान द्यायचा. खरखर आली, तर इंजिन बनवणाऱ्याकडेच धाडावं. धडाचं काम त्यामानाने किरकोळ: भेगेच्या कडा तिरक्या घासायच्या, काचकापड इपॉक्सीत भिजवून आतून थर द्यायचे. हात सैल सुटून शेपटीत रेझिन जास्त साचलं, तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि दुरुस्त झालेलं विमान पुन्हा पडायला मोकळं.